करवत खाली ठेवा, खडू घ्या

प्रश्न : माझ्या एसयूव्हीला मूळच्या १७ इंची रिम होत्या. रुंदी ७ इंच, ऑफसेट ईटी ४५, टायर २३५/६५ आर१७. महिन्यापूर्वी १८ इंची अलॉय टाकले. रुंदी ८ इंच, ईटी ३०, आणि त्यावर २६५/६० आर१८ ऑल-टेरेन टायर. गाडी दिसते झकास. पण पार्किंगमधून रिव्हर्स काढताना कट मारला की पुढून डाव्या बाजूने 'खर्रर्र' येतं. घरचे पाच जण आणि सामान घेऊन निघालो की खड्ड्यात मागून एकदाच 'घप्प'. टायरवाला म्हणतो, "घासून घासून आपोआप जागा होईल." मेव्हणा म्हणतो, लिफ्ट किट टाका. गॅरेजमध्ये स्पेसर (रिमच्या मागे घालायची जाड चकती) सुचवला. मी चाकाच्या कमानीतलं (व्हील आर्चमधलं) प्लास्टिकचं लायनर कापायला करवत आणून ठेवली आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : करवत आणलीच आहे तर असू द्या, पुढेमागे लागेलही. आज नको. तुमच्या पत्रात आवाज दोन आहेत आणि माझ्या मते दुखणीही दोन आहेत. पुढचा 'खर्रर्र' चाक वळताना येतो, मागचा 'घप्प' चाक वर दाबलं जाताना. तुम्हाला सल्ला देणाऱ्या तिघांपैकी एकानेही गाडीखाली वाकून पाहिलेलं दिसत नाही, आणि तिघांनीही दोन दुखण्यांवर एकच पुडी बांधून दिली आहे.

सगळ्यात आधी दहा मिनिटांचं एक काम करा, तेही गाडी कुठे नेण्यापूर्वी. सपाट जागी गाडी लावा, स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा आणि टॉर्च घेऊन पुढच्या चाकाच्या आत बघा. ब्रेकचा रबरी होज आणि त्याच्या जोडीने जाणारी एबीएस सेन्सरची वायर शोधा. दोन्हींवर धूळ सारखी बसलेली असेल तर ठीक. कुठे धूळ पुसली जाऊन रबर चकाकत असेल, खरचटलं असेल, वायरचं आवरण सोललं असेल, तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि मेकॅनिकला तिथे बोलवा. मग स्टीअरिंग दुसऱ्या बाजूला वळवून तेच पुन्हा. त्यानंतर टायरची आतली भिंत तपासा. बाहेरच्या खांद्यावरचं खरचटणं दिसायला वाईट, पण बहुतेक वेळा वरवरचं असतं. आतल्या भिंतीवर मात्र चक्राकार चर पडला असेल तर टायर सस्पेन्शनच्या लोखंडाला लागतो आहे. टायरच्या भिंतीत रबराखाली दोऱ्यांचे थर असतात. ते तुटले की फुगवटा येतो, आणि फुगवटा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

तिथे सगळं ठीक आहे असं धरून पुढे जातो. आता कागद-पेन घ्या, कारण तुम्ही पत्रात आकडे दिलेत (बहुतेक लोक "मोठे टायर टाकले" एवढंच लिहितात) आणि ते आकडे अर्ध्याहून जास्त गोष्ट सांगतात.

२३५/६५ आर१७ म्हणजे टायर २३५ मिमी रुंद, भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के आणि रिम १७ इंच. भिंत १५२.७५ मिमी. ती वर एक, खाली एक अशी दोनदा धरायची, त्यात १७ इंचांचे ४३१.८ मिमी मिळवायचे. एकूण व्यास ७३७ मिमी. नव्याचं तसंच करा. २६५ च्या ६० टक्के १५९, दोनदा ३१८, अधिक ४५७.२. व्यास ७७५ मिमी. म्हणजे टायर ३८ मिमीने मोठा झाला आणि आसापासून चहूबाजूंनी १९ मिमी वाढला. टायरचा माथा आणि व्हील आर्च यांच्यामधली जागा १९ मिमीने कमी झाली, तसंच पुढे बंपरकडे आणि मागे दाराकडेही.

बहुतेक लोक इथेच थांबतात. 'रिम १८ची झाली म्हणून घासते' असं त्यांना वाटतं. रिम १७ची १८ झाली याने एकट्याने काहीच घासत नाही, कारण भिंत तेवढी बुटकी केली तर बाहेरचा व्यास तोच राहतो. तुम्ही रिम वाढवली, भिंतही वाढवली, रुंदीही वाढवली आणि वर ऑफसेट कमी केला. चार बदल एका दमात.

ऑफसेट म्हणजे रिमचा मध्य आणि रिम हबवर (चाक ज्याला नटांनी आवळतात त्या भागावर) जिथे टेकते ती जागा यांच्यातलं अंतर. ईटी ४५ म्हणजे टेकण्याची जागा मध्यापासून ४५ मिमी बाहेर, म्हणून चाक तेवढं आत बसतं. ईटी कमी केला की चाक बाहेर येतं. आता टायरची अर्धी रुंदी घ्या. बाहेरच्या कडेसाठी तिच्यातून ऑफसेट वजा करायचा, आतल्या कडेसाठी मिळवायचा. जुन्या टायरची अर्धी रुंदी ११७.५, म्हणजे हबपासून बाहेरची कड ७२.५ मिमीवर आणि आतली १६२.५ मिमीवर. नव्या टायरची अर्धी रुंदी १३२.५. बाहेरची कड १०२.५, आतली १६२.५.

आतली कड पुन्हा वाचा. १६२.५ तेव्हाही, १६२.५ आताही. टायर ३० मिमी रुंद झाला तो सगळाच्या सगळा बाहेरच्या बाजूला. म्हणजे स्ट्रटच्या (चाकामागच्या सस्पेन्शनच्या खांबाच्या) नळीशी आडवं अंतर होतं तेवढंच आहे. उंचीत १९ मिमीची वाढ आहे, त्यामुळे स्प्रिंगची खालची बैठक टायरच्या माथ्यापेक्षा थोडीच वर असेल तर तिथे नजर टाका. पण तुमचा संशयित बाहेरच्या बाजूला आहे. स्पेसर टाकला तर तो आणखी बाहेर येईल. १५ मिमीचा स्पेसर म्हणजे ईटी ३० चा ईटी १५. गॅरेजवाल्यांनी सुचवलेला उपाय आतून घासणाऱ्या गाडीसाठी योग्य आहे, तुमच्या गाडीसाठी उलटा. एक सल्ला असा कागदावरच निकालात निघाला.

आणखी एक हिशेब आहे, तो थोडा किचकट, पण वळताना घासण्याचं मूळ त्यात आहे. वळताना टायरचा जो भाग सर्वांत लांब फिरतो तो म्हणजे त्याचा बाहेरचा कोपरा, खांदा. वळणाचा आस ढोबळमानाने हबच्या टेकणीतून जातो असं धरलं, तर जुन्या टायरचा कोपरा आसापासून ३७६ मिमीवर होता आणि नव्याचा ४०१ मिमीवर आहे. फरक २५ मिमी. त्रिज्या १९ ने वाढली तरी कोपऱ्याची झेप २५ ने वाढली, कारण चाक बाहेरही सरकलं. 'टायर थोडाच मोठा आहे, मग एवढा का घासतो' याचं उत्तर या सहा मिलिमीटरांत आहे. शिवाय तुमचे जुने टायर काढले तेव्हा झिजलेले असणार. नवा टायर आणि झिजलेला टायर यांच्या नक्षीत चार-पाच मिमीचा फरक सहज पडतो, आणि ऑल-टेरेनच्या खांद्यावर तर रबराचे ठोकळे बाहेर डोकावतात. म्हणजे डोळ्यांसमोर जी जुनी मोकळी जागा आहे ती झिजलेल्या टायरची होती. कागदावरच्या १९ मध्ये हे मिळवा.

आकड्यांनी संशयित सांगितला. गुन्हा कुठे घडला ते खडू सांगेल.

व्हील आर्चच्या आतलं प्लास्टिकचं लायनर चारही बाजूंना धुऊन पूर्ण वाळवा. हे टाळू नका, मातीत सगळ्या खुणा सारख्याच दिसतात. मग डाव्या पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर पांढरा खडू घासा आणि आतल्या खांद्यावर लाल किंवा निळा. पूर्ण गोल, भरपूर. रिकाम्या मोकळ्या जागेत एकाला बाहेर उभं करा, पण चाकापासून चांगल्या अंतरावर. काचा खाली, पंखा-गाणी बंद. आता चालण्याच्या वेगाने फक्त पुढे जाताना फक्त डावीकडे पूर्ण कट घ्या. थांबा, उतरा, टॉर्च मारा. लायनरवर पांढरं उमटलं का रंगीत, आणि कुठे? फोटो काढा, पुसा, पुन्हा खडू लावा. मग उजवीकडे कट. मग रिव्हर्समध्ये डावीकडे, रिव्हर्समध्ये उजवीकडे. चार फेऱ्या, प्रत्येक फेरीला पुसून नव्याने. कंटाळवाणं आहे, पण सगळ्या फेऱ्या एकदम केल्या तर लायनरवर होळी होईल आणि कळणार काहीच नाही.

आता खुणा वाचायच्या कशा ते सांगतो. डावीकडे कट मारला की बाहेर आलेलं डावं चाक आपल्या वळणाच्या आसाभोवती किंचित मागे सरकतं आणि उजवं किंचित पुढे. उजवीकडे कट मारला की उलट. त्यामुळे डावं चाक डाव्या कटात घासत असेल तर पांढरी खूण आर्चच्या मागच्या भागात, दाराच्या बाजूला, मडफ्लॅपजवळ शोधा. तेच डावं चाक उजव्या कटात घासत असेल तर खूण पुढे, बंपरच्या कोपऱ्यामागे असेल. चाक तेच, आवाज तोच, जागा मात्र आर्चच्या दोन विरुद्ध टोकांना. तुम्ही पत्रात कट कुठल्या बाजूचा ते लिहिलेलं नाही, म्हणून करवत कुठे चालवायची ते मीही सांगू शकत नाही, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनीही सांगू नये.

एक गंमत लक्षात ठेवा. कोपरा सर्वांत मागे (किंवा पुढे) पोचतो तो पूर्ण कटावर नाही, वाटेतच, चाक साधारण पंधरा अंश वळलेलं असताना. म्हणून काही गाड्यांत अर्ध्या कटात 'खर्र' येतं आणि पूर्ण कटात गप्प होतं. चालक म्हणतो, "पूर्ण कट मारून दाखवला, मेकॅनिकला काही ऐकूच आलं नाही." तर कट एकदम न मारता सावकाश मारा आणि आवाज कुठे सुरू होतो, कुठे थांबतो ते ऐका.

रंगीत खूण उमटली तर प्रकरण वेगळं. तो आतला खांदा आहे आणि तो पूर्ण कटात चेसिसला, अँटी-रोल बारला किंवा आतल्या लायनरला लागतो. आडवं अंतर बदललं नसलं तरी १९ मिमीची त्रिज्या तिथेही पोचते. प्लास्टिकला हलकं लागणं चालून जाईल. लोखंडाला लागणं चालणार नाही.

रिव्हर्स काढताना आवाज येतो हे तुम्ही लिहिलंत ते मला महत्त्वाचं वाटतं. लायनर एका अखंड तुकड्याचं असेलच असं नाही. दोन तुकडे एकमेकांवर चढलेले असतात, कडा स्क्रूने किंवा प्लास्टिकच्या क्लिपने धरलेल्या असतात. मांजरीच्या पाठीवरून हात फिरवावा तसं आहे. पुढे जाताना टायर त्या कडेवरून गुळगुळीत निसटतो, मागे जाताना कडेच्या पोटात शिरतो. टायर बदलताना एखादी क्लिप निसटली असेल किंवा परत लावलीच नसेल तर लायनर अंगठाभर खाली लोंबतं आणि रिव्हर्समध्ये खर्रर्र करतं. हाताने लायनर सगळीकडून दाबून बघा. कुठे हलतंय, कुठे 'टप' असा पोकळ आवाज येतोय? तिथे एक क्लिप बसवून विषय संपू शकतो. माझ्या स्वतःच्या गाडीत मी दोन रविवार लायनर तासण्यात घालवले. तिसऱ्या रविवारी खडूची खूण नीट पाहिली तर ती मडफ्लॅपच्या स्क्रूच्या डोक्यावर होती, शेंगदाण्याएवढी. स्क्रू चपट्या डोक्याचा घातला, आवाज गेला. तासलेलं लायनर अजून तसंच आहे, दर पावसाळ्यात तिथून चिखल आत जातो आणि मला माझ्या घाईची आठवण होते.

खरी घासल्याची खूण कशी असते तेही सांगून ठेवतो, कारण नव्या प्लास्टिकवर साचाच्या रेषाही असतात आणि लोक त्यांनाच खूण समजतात. घासलेली जागा अंगठ्याएवढी रुंद, गुळगुळीत, आरशासारखी काळी चकाकते. तिच्या एका टोकाला खोडरबराचा असतो तसा काळा भुगा साचलेला असतो. भुगा ज्या टोकाला, टायर त्या दिशेने फिरत होता. भुगा वरच्या टोकाला आहे की खालच्या, एवढ्यावरून घासणं पुढे जाताना झालं की मागे हे कळतं.

आता मागचा 'घप्प'. तो टायरचाच आहे असं तुम्ही गृहीत धरलंत. कदाचित असेल. पण पाच माणसं, सामान आणि खड्डा म्हणजे सस्पेन्शन तळाला जाऊन रबरी बंप स्टॉपवर आदळणंही असू शकतं. नवी चाकं जुन्यांपेक्षा वजनाने जड असतील तर तो धक्का आणखी बोथट आणि मोठा येतो. दोन्हींचा आवाज सीटवर बसून सारखाच लागतो. फरक फक्त खुणेत दिसतो.

मागच्या आर्चच्या आतल्या ओठावर, जिथे पत्रा आत वळलेला असतो तिथे, मास्किंग टेप चिकटवा. वर लायनरच्या माथ्याला मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे लिंबाएवढे दोन-तीन गोळे दाबून बसवा. टायरच्या खांद्यावर खडू. मग तीच माणसं, तेवढंच सामान आणि तोच खड्डा, वेग नेहमीचा. परत येऊन बघा. टेप फाटली किंवा पांढरी झाली असेल तर टायरचा खांदा ओठाला लागतोय. क्ले चेपली असेल तर तिची उरलेली जाडी पट्टीने मोजा, त्या क्षणी टायर आणि माथा यांच्यात तेवढीच जागा होती. क्ले जशीच्या तशी, टेप कोरी आणि 'घप्प' मात्र झाला, तर टायर निर्दोष आहे. मग बंप स्टॉप, शॉक अॅब्झॉर्बर आणि गाडीत भरलेला भार यांच्याकडे वळा. कुठेही स्पर्श न होता निदान बोटाएवढी, म्हणजे १०-१२ मिमी जागा उरावी असं मी धरतो. वेगात टायरही थोडा फुगतो-वाकतो.

जॅक लावून चाक उचललं आणि 'बघा, किती जागा आहे' असं कोणी दाखवलं तर त्यावर विसंबू नका. जॅकवर चाक खाली लोंबतं, आणि आपल्याला बघायचं आहे ते वर दाबलेलं चाक. हवंच असेल तर एक मागचं चाक मजबूत रॅम्पवर किंवा फळीवर चढवून त्याच बाजूचं सस्पेन्शन दाबून बघता येतं. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बाकी चाकांना अटकाव. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एक मिनिटासाठीसुद्धा नाही.

मागे घासणं एकाच बाजूला दिसलं तर दचकू नका. तुमच्या गाडीला मागे एकसंध अॅक्सल असेल तर तो बहुधा एका आडव्या दांड्याने बॉडीला जोडलेला असतो. सस्पेन्शन दबलं की तो दांडा वर्तुळाकार फिरतो आणि अख्खा अॅक्सल थोडा एका बाजूला सरकतो. डावीकडे पाच मिमी जागा वाढली तर उजवीकडे पाच मिमी घटली. म्हणून एकाच बाजूची टेप फाटते. यात अपघाताची किंवा वाकलेल्या अॅक्सलची शंका घेण्याआधी गाडी रिकामी, सपाट जागी उभी करून दोन्ही बाजूंना टायरपासून आर्चच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर मोजा. रिकाम्या गाडीतच बराच फरक असेल तर मात्र दाखवून घ्या.

आता मेव्हण्यांकडे येऊ. लिफ्ट किट गाडी उभी असताना वर उचलते, त्यामुळे टायर आणि आर्च यांच्यात झक्क जागा दिसते. पण खड्ड्यात सस्पेन्शन बंप स्टॉपपर्यंत दबतं तेव्हा चाक तिथेच जातं जिथे आधी जात होतं. बंप स्टॉप जुनाच, आर्च जुनीच. घासण्याच्या वेळा कमी होतील, घासणं जाणार नाही, आणि बंप स्टॉप लांब केला तर सस्पेन्शनची चाल कमी होऊन धक्के वाढतील. पुढच्या कटातल्या घासण्याला तर लिफ्टने फारसा फरकच पडत नाही, कारण वळताना कोपरा आडवा फिरतो. वर अलाइनमेंट बिघडते ती वेगळीच. मेव्हण्यांना लिफ्ट दिसायला आवडत असेल तर ते वेगळं कारण आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आणि 'आपोआप जागा होईल' हे टायरवाल्याचं वाक्य. मऊ प्लास्टिकच्या बाबतीत ते काही अंशी खरंही आहे, टायर लायनर झिजवतो. पण लायनरच्या मागे पत्र्याची उभी शिवण, स्क्रूची टोकं, वॉशरच्या पाण्याची टाकी, वायरिंग असतं. प्लास्टिक संपल्यावर टायर त्यांच्याशी झगडू लागतो, आणि पत्र्याच्या धारेपुढे रबर हरतं.

उपायांकडे वळताना माझा क्रम स्वस्तातून आणि परत फिरता येईल अशा गोष्टींतून सुरू होतो. पहिली हवा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे असतात. भरलेल्या गाडीत रिकाम्याची हवा असेल तर टायर बाहेर फुगतो आणि मागचा खांदा ओठाला भिडतो. दुसऱ्या मापाच्या टायरला तोच भार पेलायला किती हवा लागते ते टायर विकणाऱ्याकडच्या तक्त्यात मिळतं. मग क्लिप, स्क्रू, मडफ्लॅप. त्यानेही भागलं नाही आणि खूण लायनरवरच असेल तर करवतीऐवजी हीट गन. प्लास्टिकचं लायनर सावकाश तापवून, जाड हातमोजे घालून मागे दाबून धरायचं आणि थंड होईपर्यंत सोडायचं नाही. आधी लायनरच्या मागे काय आहे ते क्लिप काढून बघा. तुमचं लायनर कापडी, फेल्टसारखं असेल तर तापवून उपयोग नाही, ते केबल टायने (प्लास्टिकच्या पट्टीने) मागे ओढून बांधतात. मागच्या ओठाचा पत्रा आत वळवून घेता येतो, पण ते रंग तापवून हळूहळू करणाऱ्या माणसाकडूनच. थंड पत्रा वाकवला की रंगाला भेगा जातात आणि भेगेतून गंज. पुढे दाराजवळची पत्र्याची शिवण ठोकून चपटी करण्याची पद्धत आहे, तिथेही उघडा पडलेला पत्रा त्याच दिवशी रंगवून घ्या.

अलाइनमेंटमधूनही थोडं हाती लागतं. गाडीत कॅस्टर (बाजूने पाहिलं तर वळणाच्या आसाचा मागे असलेला कल) बदलायची सोय असेल तर तो वाढवून पुढचं चाक काही मिलिमीटर पुढे नेता येतं. खूण आर्चच्या मागच्या भागात असेल तर फायदा, पुढे बंपरकडे असेल तर तोटा. म्हणून पुन्हा तोच प्रश्न येतो, खूण कुठे?

यातून काही जमलं नाही तर सरळ सांगतो, रिम ठेवा आणि टायर बदला. तुमच्या ८ इंची रिमवर २५५/५५ आर१८ बसतो. त्याचा व्यास काढून बघा : २५५ चे ५५ टक्के १४०.२५, दोनदा २८०.५, अधिक ४५७.२. बरोबर ७३७.७, म्हणजे तुमच्या मूळ टायरशी मिलिमीटरभराच्या आत. २३५/६० आर१८ चा व्यास ७३९ येतो आणि तो आणखी अरुंद आहे. दोन्हींत माथ्याची जवळपास १९ मिमी जागा परत मिळते. ईटी ३० मुळे चाक बाहेरच राहील, पण २५५ ची बाहेरची कड ९७.५ वर येते, २३५ ची ८७.५ वर. टायरच्या भिंतीवरचा भारांक मात्र मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही. १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो. मूळ आकडा जुन्या टायरवर बघा. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर चारही टायर एकाच मापाचे. पुढे मोठे, मागे लहान असला प्रयोग ट्रान्स्फर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीला) भोवतो.

तुमचे सध्याचे टायर मूळपेक्षा ५ टक्क्यांनी मोठे आहेत. म्हणजे काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी साधारण १०५ ने धावते आणि ओडोमीटर किलोमीटर कमी मोजतो. व्यासात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक ठेवावा हा जुना ठोकताळा आहे, तुम्ही तो ओलांडला आहे. मायलेज पडलं असं वाटत असेल तर त्यातला काही भाग या चुकीच्या मोजणीचाही आहे.

चाकं काढ-घाल झाली की नट पुस्तकात दिलेल्या टॉर्कने, टॉर्क पान्याने आवळा आणि पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. नव्या अलॉयचे नट मूळ रिमच्या नटांसारखेच असतील असं नाही. काहींची बैठक शंकूसारखी, काहींची गोलसर असते. चुकीचा नट आवळलेला वाटतो, टेकलेला नसतो.

आणि जुनी १७ इंची चाकं विकली नसतील तर अजून विकू नका. चारही बसवून त्याच पार्किंगमधून, त्याच कटात रिव्हर्स काढा. तरीही खर्रर्र आलं तर नव्या चाकांचा संबंध नाही, लायनर लोंबतंय.